टर्बो थंड होईपर्यंत

एकदा एक म्हातारा मिस्त्री होता आणि त्याचा एक शिष्य होता. शिष्य अचानक गेला, आणि शिष्याचा धाकटा भाऊ त्याची गाडी घेऊन गुरूच्या दारात आला. तो धाकटा भाऊ मी. अशा गोष्टी सांगणारा माणूस सहसा गोष्टीच्या बाहेर बसतो. मला ते जमणार नाही. यातली चूक माझी आहे, आणि ती दुसऱ्या कुणाच्या नावावर घातली तर गोष्ट सांगण्यात अर्थ उरणार नाही.

मिस्त्रीचं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात, लेथच्या दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. सगळे त्यांना मामा म्हणतात. माझा दादा फौंड्रीत नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी मामांकडे शिकायला जायचा. मामांनी त्याला कधी शिष्य म्हटलं नाही, पण स्वतःचा पाना ते फक्त त्याच्याच हातात देत.

दादा कित्येक वर्षं एका गाडीची वाट पाहत होता. दिसायला लहान, भाजी आणायला नेतात तेवढीच, पण आत टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर त्यात एक छोटं चाक फिरतं, ते चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, आणि लहान इंजिन मोठ्यासारखं पळायला लागतं. गेल्या वर्षी सांगलीच्या एका डॉक्टरांकडून त्याला ती निळी गाडी मिळाली. तिच्यात काय काय बदलायचं याची चार वर्षांची यादी त्याने वहीच्या मागच्या पानावर आधीपासून करून ठेवली होती. तरी त्याने वर्षभर तिला नुसते चांगले ब्रेक आणि चांगले टायर घातले, आणि ती साठच्या पुढे क्वचित नेली.

मी त्याला चिडवायचो. "वाघ आणलास आणि त्याला शेवया खायला घालतोस."

तो म्हणायचा, "वाघ नवीन आहे. आधी त्याला घर कळू दे."

रविवारी सकाळी तो वहिनीला त्याच गाडीवर चालवायला शिकवायचा. गाव जागं व्हायच्या आधी दोघं मोकळ्या मैदानावर जायची. परत येताना वहिनीचा चेहरा घामाने भिजलेला असायचा आणि ती हसत असायची. दुसऱ्या गियरपर्यंत शिकून झालं होतं. मग दादाला ताप आला. डेंग्यू म्हणाले. चौथ्या दिवशी दादा नव्हता. बत्तीस वर्षांचा होता.

त्याला मूल नव्हतं, वडील आमचे आधीच गेलेले. मडकं मी धरलं. डोकं भादरलं. आमच्यात ज्याने अग्नी दिला त्याने दहा दिवस घर सोडायचं नाही, घोंगड्यावर बसायचं, घोंगड्यावरच झोपायचं. भेटायला माणसं येतात. येणारा प्रत्येक जण जवळ बसतो आणि विचारतो, "कसं झालं?" मग पहिल्या दिवसाच्या तापापासून सगळं सांगायचं. तो उठला की दुसरा येतो, आणि परत पहिल्या दिवसाचा ताप. मला वाटायचं की मी दादाला दिवसातून वीस वेळा मारतोय.

चौथ्या दिवशी वहिनी पाणी द्यायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? गाडी आहे तशी ठेवा. मला पुढचं शिकायचं आहे तिच्यावर. तुम्ही शिकवा."

मी म्हटलं, "शिकवतो की."

आणि पाचव्या दिवशी दुपारी, आई आत पडली होती आणि बाहेर पाहुणे बसले होते, तेव्हा मी वही आणि चावी घेऊन मागच्या दाराने निघालो. मी मनाशी ठरवलं होतं की दादाची यादी पुरी करायची. त्याचं राहिलेलं काम आपण करायचं. दहा दिवस घोंगड्यावर बसून त्याचं काय भलं होणार होतं?

मामांनी माझ्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं. मी वही पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"गाडी चालू कर," ते म्हणाले.

मी चालू केली.

"बस आत."

"किती वेळ?"

"मी सांगतो." आणि ते एका जुन्या जीपच्या खाली शिरले.

मी बसलो. इंजिन जाग्यावर संथ चालत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. समोर वाट बघत बसलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मामा, पेट्रोल स्वस्त झालं काय? हे काय गाडी उभी करून जाळताय?"

जीपखालून आवाज आला, "तुझं जळतंय काय? न्हाई न्हवं? मग गप बस."

मला बसवेना. गाडी संथ चालत असली की आतलं सगळं ऐकू येतं. डॅशबोर्डची एक फट किरकिरते ते ऐकू आलं. सीटच्या शिवणीत फौंड्रीची काळी माती बसली होती, ती दिसली. मी इंजिन बंद केलं आणि उतरलो.

"मामा, तुमच्याच्यानं होत नसेल तर तसं सांगा. मी दुसरीकडं करून घेतो."

मामा जीपखालून अर्धे बाहेर आले. "होतंय की माझ्याच्यानं. तू बस जरा."

"काय बस बस लावलंय. घरीबी तेच, हितंबी तेच."

मी गाडी बाहेर काढली आणि हायवेला गेलो. तिथे एक नवं दुकान होतं. मालक माझ्याच वयाचा. त्याने यादी वाचली आणि म्हणाला, "भावाची आठवण म्हणून करताय? मग सगळंच करूया. अर्धवट आठवण कशाला ठेवायची?" मला ते वाक्य फार आवडलं. त्याने लॅपटॉप लावून इंजिनाची ताकद वाढवली, सायलेन्सर मोठा बसवला, आणि वाढलेली ताकद पेलावी म्हणून क्लच बदलून कडक घातला. दोन दिवसांत सगळं झालं. दादाने जे चार वर्षांत करायचं योजलं होतं ते मी दोन दिवसांत केलं, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

सातव्या दिवशी गाडी गल्लीत शिरली तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आई बाहेर येऊन म्हणाली, "कसला आवाज हा?" वहिनी दारापर्यंत आली, गाडीकडे पाहिलं आणि आत गेली. मला वाटलं, आवाज आवडला नसेल, होईल सवय.

दहावा झाला, तेरावा झाला. मी रोज पन्हाळ्याच्या रस्त्याला जाऊ लागलो. वळणावर पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची आणि तेवढा वेळ डोक्यात काही नसायचं. गाडी सुसाट खाली यायची, घरासमोर थांबायची, आणि थांबताच मी चावी फिरवून दार आपटून निघून जायचो. त्या गाडीत नुसतं बसणं मला जमायचं नाही. एकदा वहिनीने विचारलं, "भाऊजी, रविवारी जायचं का मैदानावर?" मी म्हटलं, "पुढच्या रविवारी." असं मी तीन वेळा म्हटलं.

महिना पुरा व्हायच्या आत एका सकाळी चढावर शिट्टीसारखा आवाज आला, मग किंचाळल्यासारखा, आणि मागे निळा धूर. जोर गेला. टेम्पोला टोचन लावून गाडी खाली आणली. हायवेच्या दुकानापुढून जाताना तिथे थांबावंसं वाटलं नाही. मामांकडे आलो.

मामांनी बॉनेट उघडलं. त्यांनी टर्बो खोलला आणि तो हातात घेऊन माझ्याजवळ पायरीवर बसले. आतलं चाक मुठीत मावेल एवढं होतं. त्याचा दांडा काळाठिक्कर पडला होता, आणि तेलाच्या वाटेत कोळसा साचला होता. खरंच कोळसा. नखाने खरवडला तर पडत होता.

"हे चाक किती फिरतं ठाऊक हाय? मिनिटाला लाखाच्या वर," मामा म्हणाले. "आणि फिरतं कशावर? तेलाच्या पातळ थरावर. ते तेल इंजिन चालू असलं तरच येतं. तू घाट उतरून आलास, गाडी उभी केलीस, तुला वाटलं थांबली. आत हे तापून लाल झालेलं, फिरतच हाय. आणि तू चावी फिरवलीस. तेल थांबलं. जे आत होतं ते जागच्या जागी जळलं. असं रोज."

मी म्हटलं, "मग काय करायचं असतं?"

"काय न्हाई. चालू ठेवून बसायचं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. तेल फिरतं, त्याची आग उतरती, चाक आपोआप हळू होतं. मग बंद कर. त्यात दुसरं काय करायचं नसतंय, आणि तेच लोकांना जमत न्हाई." त्यांनी टर्बो खाली ठेवला. "सुतक कशाला पाळतात ते मला ठाऊक न्हाई बाबा, मी काय भटजी न्हवं. पण तू पाचव्या दिवशी आलास तवा घाट उतरून आलेल्या गाडीसारखा दिसत हुतास. म्हणून बस म्हटलं."

"मामा, तेव्हाच का नाही सांगितलं?"

त्यांनी फडक्याने हात पुसले. "माझंच चुकलं. तुझ्या दादालाबी पहिल्या दिवशी असंच बसवलं हुतं. तो अर्धा तास बसला आणि मलाच सांगितलं की मामा, कळलं. मला वाटलं, भाऊ हाय, यालाबी कळंल. तू येगळा हुतास. तुझ्याजवळ येऊन बसायला पायजे हुतं मी."

मग त्यांनी वही मागितली. गाडीच्या खणातून ती काढून दिली. चष्मा लावून ते दादाची यादी बोट फिरवत वाचत गेले. एका ओळीवर बोट थांबलं. त्यांनी वही माझ्याकडे वळवली.

दादाने लिहिलं होतं: क्लच. आणि पुढे कंसात: ही शिकल्यावर.

ही ओळ मी वाचली नव्हती असं नाही. हायवेच्या दुकानात उभं असताना वाचली होती. तेव्हा मनात आलं होतं की शिकवणारा गेला, आता कसलं शिकणं. एका क्षणात मी ते ठरवून टाकलं, आणि जिने चौथ्या दिवशी मला तोंडाने सांगितलं होतं तिची आठवणही झाली नाही.

"जुना क्लच कुठाय?" मामांनी विचारलं.

"दुकानातच राहिला."

मी त्याच दिवशी तिथे गेलो. जुना सायलेन्सर कोपऱ्यात पडलेला मिळाला. क्लच भंगारात गेला होता. मालक म्हणाला, "झिजलेला होता हो तो. नवा कंपनीचा घ्या, अगदी तसाच मिळेल."

मामांनी तीन आठवडे घेतले. दुसरा टर्बो बसवला, ताकद पहिल्यासारखी केली, क्लच कंपनीचा नवा घातला. मी रोज त्यांच्या हाताखाली होतो. आवाज परत मऊ झाला. गाडी घरी आणली तेव्हा आई म्हणाली, "आता ती आपली वाटती."

पुढच्या रविवारी सकाळी मी वहिनीला घेऊन मैदानावर गेलो. ती उजवीकडे बसली, आरसा नीट केला, पहिला गियर घातला. क्लच सोडला. गाडी धक्का खाऊन बंद पडली. परत चालू केली. परत बंद. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"भाऊजी, हा खाली सुटतोय," ती म्हणाली. "आधीचा वर सुटायचा. पार वर, पाय जवळजवळ पुरा उचलला की मग गाडी हलायची. माझ्या पायाला ठाऊक झालं होतं."

"वहिनी, नवा आहे. जुना झिजलेला होता, म्हणून वर..."

"हं. यांनी पहिला महिनाभर तेवढंच करून घेतलं होतं माझ्याकडून. तोवर पुढं काही शिकवायचेच नाहीत. म्हणायचे, पायाला कळू दे." ती समोर मैदानाकडे पाहत होती. "रोज मी चपला घालताना पाय तसा उचलून बघायची. गेल्यावरही बघायची. म्हटलं, हे तरी राहिलंय."

मी काय केलं होतं ते मला त्या क्षणी पुरतं कळलं. टर्बो दुसरा मिळाला, क्लचही मिळाला. दादाने एका माणसाच्या डाव्या पायात ठेवलेली गोष्ट मी भंगारात दिली होती, आणि ती कुठल्याही दुकानात नव्हती. मला माफी मागायची होती.

"असू दे," वहिनी म्हणाली. "परत शिकते."

"मी काय सांगू? दादा काय सांगायचा?"

"काही नाही. ते बोलायचेच नाहीत. हात हँडब्रेकवर ठेवून बसायचे."

मी हात हँडब्रेकवर ठेवला. तिने गाडी चालू केली. बंद पडली, तिने परत चालू केली. ऊन वर येईपर्यंत किती वेळा बंद पडली ते मी मोजलं नाही. मधे एकदा मला सांगावंसं वाटलं की वहिनी, पाय जरा सावकाश. सांगितलं नाही. मी बसून राहिलो.

ज्यांच्या घरातून नुकतंच कुणी गेलं आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: गेलेल्याचं राहिलेलं काम पुरं करायला घाई करू नका, त्यात मागे राहिलेल्या कुणाचं तरी काम अर्धं झालेलं असतं, आणि घाईत ते मोडतं.