कातळावरचा अंधार

त्या खोऱ्यात राजा नव्हता, दरबार नव्हता. नाटक मात्र होते.

करवंदे पिकली की नदीकाठच्या सपाट कातळासमोर सगळी जनावरे जमत आणि दरवर्षी तेच नाटक पाहत. गोष्ट पाडसांनाही तोंडपाठ होती. एक म्हातारी आई मरते आणि पुढच्या प्रवेशात तिची लेकरे तिने राखून ठेवलेले बी पेरतात. एवढेच. पण त्या वर्षात ज्यांच्या घरचे कोणी गेले असेल त्यांना पुढच्या रांगेत बसवायची रीत होती. एरवी खोऱ्यात रडायला सवड कोणाला? चारा शोधा, पाणी शोधा, बिबट्याचा वास आला की जीव घेऊन पळा. मनातले रडू मनातच राही आणि कातळासमोर येऊन मोकळे होई.

नाटकामागची सगळी व्यवस्था एका म्हाताऱ्या वाघळीकडे होती. कातळावर झुकलेल्या उंबराच्या फांदीला ती उलटी लटके. खेकड्यांनी कोणता दगड कुठे सरकवायचा, रातकिड्यांनी सूर कधी धरायचा आणि कधी गप्प बसायचे, माकडांनी मारलेल्या वेलींच्या गाठी घट्ट आहेत की नुसत्या दाखवायला आहेत, हे सारे ती तिथून पाही. दिवे काजव्यांचे होते. वाघळीने पंख उघडला की काजवे पेटत, मिटला की विझत. कातळाला पडदा नव्हता. अंधार हाच पडदा. आई मेली की वाघूळ पंख मिटे, दोन-चार श्वास काळोख होई आणि तेवढ्यात आईचे काम करणारी सांबरीण उठून हळूच झाडीत जाई. तिला उठताना खोऱ्यात कोणीही कधी पाहिले नव्हते. याबद्दल वाघळीला कधी शाबासकी मिळाली नाही. जे दिसतच नाही त्याची शाबासकी कोण देणार?

एका वर्षी त्या काळोखात कोल्ह्याचा करवंदांचा द्रोण रिकामा झाला. कोल्ह्याने आकाशपाताळ एक केले. नाटकमंडळीचे प्रमुख अस्वलराव स्वभावाने भले, पण तक्रार म्हटली की ती कधी एकदा मिटते असे त्यांना होई. दात दुखला तर जबडाच काढून टाकावा, अशा पद्धतीने त्यांनी तिचा निकाल लावला.

"एवढे काजवे आहेत आपल्याकडे," ते म्हणाले, "अंधार पाहिजे कशाला? चोरांची सोय नुसती!"

"मग मेलेली बाई उठणार कधी, अस्वलराव?" वाघळीने विचारले.

"उठेल की आपली. पाय आहेत ना तिला?"

सगळे हसले. जो काजवा विझेल त्याला पुढच्या वर्षी कातळावर जागा नाही, अशी ताकीद निघाली. वाघूळ आपल्या फांदीवर परत गेली. तिच्याकडे बाकीची कामे होतीच, ती करत राहिली.

खरे तर ही अडचण तालमीतच ध्यानात यायला हवी होती. पण मरणाची तालीम केली तर अपशकुन होतो, अशी मंडळीची जुनी समजूत. त्या जागी सांबरीण "इथं मी मरते" एवढे म्हणून बाजूला होई आणि लेकरांचे काम करणारी पाडसे लगेच पेरणीला लागत. तालमी झकास झाल्या. काहीतरी कमी आहे असे कोणालाच वाटले नाही.

नाटकाच्या दिवशी पुढच्या रांगेत एक खार बसली होती. तिचे पिल्लू थंडीत गेले होते. तेव्हापासून ती रडली नव्हती, धड बोललीही नव्हती. शेजारणी म्हणत, "नाटकापर्यंत कळ काढ गं बाई. तिथं होशील मोकळी." त्याच आशेवर तिने दिवस काढले होते. तिच्या शेजारी कोल्हा होता. त्याच्या घरचे कोणी गेले नव्हते, पण पुढे उजेड जास्त म्हणून तो काठोकाठ भरलेला द्रोण पोटाशी धरून तिथेच बसला होता.

आई मेली. खार पुढे झुकली. वाघळीने पंख मिटला. काजव्यांनी तिच्याकडे पाहिले, मग अस्वलरावांकडे पाहिले आणि बिचारे जळत राहिले.

सांबरीण पडूनच होती. पाडसे बी घेऊन झाडीत खोळंबली. अस्वलराव आडून "ऊठ, ऊठ" अशा खुणा करू लागले. एक मुंगळा सांबरिणीच्या कानात शिरला, तरी तिने कान हलवला नाही. किलकिल्या डोळ्यांतून तिला खार दिसत होती. आपण आत्ता उठलो तर हिचे रडू जन्मभर घशातच राहील, हे तिला कळत होते. पण तिच्या बरगड्या श्वासाने वरखाली होत होत्या आणि ते लख्ख उजेडात सगळ्यांना दिसत होते. मागे कोणीतरी खुदकन हसले.

खारीने वर पाहिले. पंख मिटूनही उजेड जाईना, तेव्हा वाघळीने तोच पंख स्वतःच्या डोळ्यांवर ओढून घेतला होता.

खारीने डोळे मिटले.

कोल्ह्याने तिच्याकडे पाहिले, मग द्रोणाकडे पाहिले. मग त्यानेही मिटले. त्यांच्या मागे सशांनी, मोरांनी, रानडुकरांनी मिटले. चुळबुळ्या पिलांच्या डोळ्यांवर आयांनी पंजे ठेवले. शेवटी अस्वलरावांनीही तोंड झाकून घेतले. काजवे भर तेजात जळत होते आणि समोर एकही डोळा उघडा नव्हता.

मग कातळावर खूर वाजले. वाळल्या पानांवरून ते सावकाश झाडीत गेले. सगळ्यांनी ऐकले, पाहिले कोणीच नाही. आणि खार रडू लागली, आधी दबकत, मग पोटातून, भडभडून. वाघळीने घाई केली नाही. शेवटचा हुंदका ओसरेपर्यंत तिने पंख तसाच धरला.

पंख उघडल्याची फडफड झाली तेव्हा सगळ्यांनी डोळे उघडले. पाडसे बी पेरत होती. खारीच्या पुढ्यात करवंदांचा भरलेला द्रोण होता. कोल्हा एकटक कातळाकडे बघत होता, जणू हे नाटक तो पहिल्यांदाच पाहत होता.