जास्वंदीची पावडर

झाडं बोलायची, आणि माणसांसारखीच नको ते बोलायची, त्या काळची ही गोष्ट.

सगुणाआजीच्या परसात एक जास्वंद होती. एकदा मुंग्यांनी पिठ्या ढेकूण नावाचे पांढरे किडे उचलून आणले आणि तिच्या कोवळ्या शेंड्यांवर बसवले.

"हे काय गं सटव्यांनो?" जास्वंद ओरडली.

"पावडर, ताईसाहेब! गोऱ्या दिसाल."

जास्वंद हुरळली. किडे तिचा रस प्यायचे, त्यांच्या अंगातून गोड पाणी झिरपायचं आणि ते मुंग्या चाटायच्या. एवढं साधं त्या शहाणीला कळेना. कळ्या गळायला लागल्या तरी बाई पावडरीवर खूश!

आजी साबणाचं पाणी घेऊन आली, तर ही पानं आवळून बसली. "माझा नट्टापट्टा धुवायचा नाही!"

"गणपतीला वाहायला एक फूल नाही, आणि म्हणे नट्टापट्टा! मुळासकट उपटून चुलीत घालीन," आजी कडाडली.

चुलीचं नाव निघताच जास्वंद मुकाट्यानं उभी राहिली. आजीनं तिला पोरीसारखं घासून धुतलं.

मुंग्या उरलेले किडे घेऊन निघाल्या.

"आता कुठं गं?" जास्वंदीनं विचारलं.

"वांग्याकडे," मुंग्या म्हणाल्या. "बिचारं फारच काळं आहे हो!"