सीट मागे जाताना

"मग चूक कुठं आहे ते तरी सांगा की, उस्ताद!"

दौलत भोकरे गाडीच्या उघड्या दारात उकिडवा बसून विचारत होता. मिरजेतला नावाजलेला ऑटो इलेक्ट्रिशियन तो. त्याच्या वायरिंगला नाव ठेवायला जागा नसे, आणि कुणी ठेवलेलं त्याला खपतही नसे. आज मात्र त्यानं हात टेकले होते. म्हणून तर गाडी घेऊन तो आपल्या गुरूच्या, म्हाताऱ्या मेहबूब शिकलगारांच्या दुकानाच्या दारात आला होता.

गाडीतली बटणावर सरकणारी सीट मागे जाता जाता मध्येच मरायची. सीटखाली वायरींची दोन टोकं जोडणारा कपलर निसटायचा. दौलतनं नवा कपलर घातला, तोही निसटला. मग त्यानं प्लास्टिकच्या पट्ट्यांनी वायर आणखी आवळली. तरी पहिले पाढे पंचावन्न.

उस्तादांनी वाकून पाहिलं. वायर कशी ताठ, नेटकी, जागच्या जागी.

"सुरेख बांधलीस."

"तुमचीच शिकवण."

"माझी नाही."

दौलतला ते झोंबलं. त्यानं फोन काढला, एक नंबर लावला. घंटी वाजत राहिली, थांबली. त्यानं पुन्हा लावला...

"कुणाला लावतोस रं?"

"हर्षलला. चाकणला नोकरीला गेलाय पोरगा. आधी उचलायचा. दिवाळीपासनं उचलतच नाही."

"उचलायचा तेव्हा काय विचारायचास?"

"काय विचारणार... कुठं आहेस, कुणाबरोबर आहेस, एवढा उशीर का. दर शनिवारी घरी यायचंच, असं सांगून ठेवलंय. नाही आला की मग मी फोनावर फोन करतो."

बायको गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच होते. आता दौलत एकटाच ताट वाढून घेई. पोरगा कायमचा तुटला की काय, या धास्तीनं अर्धं ताट तसंच राही. हे तो कुणापाशी बोलला नव्हता.

उस्ताद पुन्हा सीटखाली वाकले.

"ही वायर बांधलीस, तेव्हा सीट कुठं होती?"

"पुढं. अगदी स्टिअरिंगला टेकलेली."

"पुढं का?"

"मागनं हात घालायला मला सोपं जातं."

"तुला..."

दौलत चिडला. "अहो, स्टिअरिंगखालच्या वायरीपण मीच बांधल्यात. त्या कशा टिकतात मग?"

"स्टिअरिंग वळतं, परत सरळ होतं. सीट बसणाऱ्याच्या मनानं जाते."

एवढं बोलून उस्तादांनी कटर घेतला आणि कट् कट् करत सगळ्या पट्ट्या तोडल्या. ताठ वायर लोळागोळा होऊन खाली पडली. दौलतच्या अगदी जिवावर आलं.

"लोंबतंय की हे! गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"बटण दाब."

सीट गुरगुरत मागे निघाली. आता नेहमीच्या जागी थांबेल, असं दौलतला वाटलं. ती थांबली नाही, शेवटपर्यंत गेली. वायर तिच्यामागून सरकत गेली, आणि कपलर जागचा हलला नाही.

स्टिअरिंग आणि सीट यांच्यामध्ये केवढी तरी जागा रिकामी पडली होती. दौलतला आपलं घर आठवलं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते उस्तादांपासून लपवायचं त्याला सुचलंही नाही.

मग त्यानं डब्यातून नवी पट्टी उचलली. दुसऱ्या हातात फोन तसाच होता.

"उस्ताद... मग बांधायचीच नाही का?"

"बांधायची की. मोकळी सोडली तर कुठंतरी अडकून तुटंल."

"मग ढील किती ठेवू?"

उस्ताद दुकानाच्या पायरीकडे वळले होते. जाता जाता म्हणाले,

"सीटला विचार."