वल्ह्यांचा दणदणाट

माणसं नुकतीच जाळी विणायला शिकली होती, त्या काळातली ही गोष्ट. चैत्रात समुद्र निवला, की बोय माशांचा थवा किनाऱ्याजवळ चरायला यायचा. एका सकाळी एक होडी जाळं सोडत गुपचूप त्यांच्याभोवती फिरली. खडकापाशी मात्र जाळं पुरलं नाही. तेवढी वाट उघडी राहिली.

"बडवा रे पाणी! हात थांबता कामा नये!" होडीवरचा जानू तांडेल ओरडला. त्याबरोबर त्या उघड्या वाटेवर वल्ही धाडधाड आपटू लागली.

थव्याची पाचावर धारण बसली. "पळा पलीकडे! तिकडे बघा कसं शांत आहे," म्होरक्या म्हणाला.

"शांत आहे म्हणूनच तिकडे नको रे," शेपूट फाटलेली म्हातारी बोय म्हणाली. "जाळं असेल तिथे ते पाणी कशाला बडवतील? बडवतायत तिथेच वाट आहे."

"तुला मरायचं असेल तर तू जा, आजी!"

म्हातारीलाही भीती वाटत होती. तरी ती वल्ह्यांखाली घुसली. पाठीवर एक फटका बसला, खवले उडाले आणि पुढे मोकळा समुद्र लागला. तिने वळून हाकांवर हाका मारल्या, पण त्या दणदणाटात कुणालाच ऐकू गेल्या नाहीत.

मग वल्ही एकदम थांबली. आतून म्होरक्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला, "बघा, वाचलो आपण!"

किनाऱ्यावर माणसांनी जाळ्याचा दोर ओढायला घेतला होता.