दीड गाडी गोवऱ्या

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक कुंभार राहायचा. मडकी तर तो घडवायचाच, पण त्याला खरं वेड म्हणींचं. ज्या बाजाराला जाईल तिथून पैसा वाचवायची एक तरी म्हण घेऊन यायचा. कोकणातली नारळाची, घाटावरची भाकरीची, वऱ्हाडातली कापसाची, सगळ्या तोंडपाठ! कुणी पैसे काढायला कनवटीला हात घातला की याची म्हण तयार. लोक त्याला म्हणीबुवा म्हणायचे आणि स्वारी खूश व्हायची.

त्याच्या बायकोला एकही म्हण येत नव्हती. ती फुटकी खापरं मात्र कधी टाकायची नाही. मडकी भाजायचा आवा झाकायला ती लागत.

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. त्या दिवशी घरोघरी पाण्याने भरलेलं नवं मडकं दान देतात. त्या एका बाजारावर कुंभाराच्या घरात वर्षाचं धान्य यायचं. आव्याला दोन गाड्या गोवऱ्या लागत. याने गवळणीला एक म्हण ऐकवली आणि दीडच गाडी विकत घेतली.

बायको घाबरली. "अहो, हवं तर आपल्या पोटाला चिमटा घ्या, पण आवा उपाशी ठेवू नका!"

"अगं, अर्ध्या गाडीचे पैसे वाचले ते बघ की!" असं म्हणून त्याने तिलाही एक म्हण ऐकवली. बिचारीने खापरांनी आवा झाकला आणि तेवढ्याच गोवऱ्यांवर मडकी भाजली.

बाजारात पहिलीच एक म्हातारी आली. तिने मडकं बोटाने वाजवून पाहिलं. आवाज बद्द आला.

"कच्चं दिसतंय रे बाबा."

कुंभाराने लगेच एक म्हण सुरू केली.

"म्हण मागाहून सांग," म्हातारी म्हणाली. "आधी यात पाणी घाल."

त्याने घातलं. बघता बघता बूड मऊ पडलं आणि सगळं पाणी चार लोकांदेखत त्याच्याच पायांवर आलं. झालं! बाजारभर बोभाटा झाला. एकही मडकं खपलं नाही.

गाडी भरून गेला होता, तशीच भरलेली गाडी घेऊन परत आला. वाटेत त्याला एकही म्हण आठवेना. बायकोने मडकी फोडून भिजत घातली आणि पुन्हा चिखल केला. माती वाया गेली नाही, पण आखिती गेली ती गेलीच. दोघांनी वर्ष अर्ध्या पोटी काढलं.

पुढच्या आखितीला गवळण आली आणि आता हा काय ऐकवतो म्हणून थांबली. कुंभाराने दोन गाड्या उतरवून घेतल्या, पैसे दिले आणि बायकोशेजारी खापरं वेचायला बसला.

तेव्हा लहानथोरांनो, वाया जाणारं जरूर वाचवावं, पण ज्यावर आपलं पोट आहे तिथे हात आखडू नये.