दोन भुजांचं धनुष्य

फार पूर्वी डोंगरापलीकडच्या एका पाड्यावर धनुष्यं घडवणारे दोन भाऊ राहत. थोरला लखमा, धाकटा रूपजी. त्यांच्या घरची रीत अशी, की एका धनुष्याला दोघांचेही हात लागायचे. मुठीच्या वरची भुजा धाकट्यानं तासायची, खालची थोरल्यानं. पण लखमा म्हणजे महाहेकट, माझं तेच खरं! दरवेळी पड खायची ती रूपजीनंच.

एकदा जमनीमावशीनं धनुष्य करायला सांगितलं. तिची नाचणी दाण्यावर आली होती आणि रानडुकरं बांधापर्यंत पोचली होती. भावांनी दोन वर्षं सावलीत वाळवलेलं धामणीचं लाकूड काढलं, तासलं, दोरी चढवली. ओढून बघतात तो वरची भुजा छान वाकतेय आणि खालची हलायला तयार नाही.

खालची जाड राहिलीय, जरा तासू या, असं रूपजी म्हणाला. पण ती पडली लखमाच्या हातची! माझ्या भुजेला सुरी लागणार नाही, तुझीच कमजोर झालीय, तिला दोरा गुंडाळ, असं त्यानं ठणकावलं. रूपजीनं नेहमीसारखी मान तुकवली आणि दोरा गुंडाळला. लखमानं दोरी पार कानापर्यंत ओढली आणि वरची भुजा काडकन मोडली.

"बघ, तुझीच मोडली," लखमा म्हणाला.

रूपजी उठला. आत जाऊन बोचकं बांधायला लागला. सासुरवाडीला जाऊन राहायचं, सुरीला पुन्हा हात लावायचा नाही, असं त्यानं ठरवलं. इतकी वर्षं पड खाऊन बिचारा थकला होता.

तेवढ्यात मावशी धनुष्य न्यायला आली. तिनं तुकडे उचलले, खालची भुजा गुडघ्यावर दाबून पाहिली. ती काही वाकेना.

"लखमा, ही वाकली नाही, म्हणून सगळा भार वरच्या भुजेवर आला," मावशी म्हणाली. "आता कुणामुळं मोडली, ते तूच सांग."

लखमाची नजर बोचकं घेऊन दारात आलेल्या रूपजीकडं गेली. आता कुठं गड्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याला फार वाईट वाटलं. त्यानं आपली सुरी धाकट्यापुढं धरली.

"माझ्या भुजेवर तू सुरी चालव. ती कुठं ताठ राहते, ते मला दिसत नाही."

दुसरं लाकूड निघालं. या खेपेला घाई नाही. धनुष्य खुंटीला अडकवून एकानं दोरी वीतभरच ओढायची, दुसऱ्यानं लांबून बघायचं. वाकत नसेल तिथंच, तेही पोटाच्या, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूनं तासायचं. बाहेरच्या बाजूला, पाठीला, धक्का लावायचा नाही. मग पुन्हा ओढायचं. तिसऱ्या दिवशी दोन्ही भुजा सारख्या वाकल्या. लखमाला हवं होतं तितकं कडक धनुष्य झालं नाही, पण मावशीचा बाण अख्खं शेत ओलांडून पलीकडच्या सागात रुतला. त्या वर्षी तिची नाचणी घरात आली.

रूपजीनं बोचकं सोडलं. अगदी तळाशी त्याची सुरी निघाली. एवढ्या रागातही त्यानं सगळ्यात आधी तीच ठेवली होती.

तात्पर्य काय, तर घरात एकच माणूस सारखा वाकत असेल, तर त्याला दोरा गुंडाळत बसू नका. जो ताठ आहे, त्याला थोडं तासा. आणि तो ताठ माणूस आपणच असलो, तर सुरी आपणहून पुढं करा.