झिपरीचा चार महिन्यांचा दाणा

फार पूर्वी एका डोंगरदरीत म्हातारी घोरपड जनावरांना औषधी मुळ्यांची विद्या शिकवत असे. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला रानाच्या कोठारातून चार महिन्यांचा दाणा एकदम मिळे.

झिपरी नावाच्या खारीने एवढा ढीग जन्मात पाहिला नव्हता. तिने नव्या मैत्रिणींना रोज जेवायला बोलावलं. दुसरा महिना सरला, ढोलीत मूठभर बिया उरल्या.

आता कुणाला कसं तोंड दाखवायचं, म्हणून ती गुपचूप घरी निघाली. पण तिच्या रानात एकही वैद्य नव्हता. तिचा भाऊ साध्या तापाने गेला होता. अर्ध्या वाटेवरून ती परत फिरली आणि कोठार सांभाळणाऱ्या साळिंदरापुढे उभी राहिली.

"आजोबा, दाणा संपत आलाय. चूक माझीच आहे."

साळिंदराचे काटे उभे राहिले. "बिया किती उरल्यात? दिवस किती?"

 झिपरीने कधी मोजलंच नव्हतं.

"अडलेल्यांसाठी वेगळा वाटा असतो, पोरी. पण किती कमी पडतंय, ते तुलाच सांगावं लागेल."

ती धावत जाऊन मोजून आली. बिया वीस, दिवस साठ.

साळिंदराने चाळीस बिया पुढे सरकवल्या. "रोज एक. यापुढे मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी मैत्रिणींनी हाक मारली, "झिपरे, आज काय बेत?"

"आज काही नाही," झिपरी म्हणाली आणि अर्धपोटीच, सगळ्यांच्या आधी घोरपडीसमोर जाऊन बसली.